उंची म्हणताना हात कुठे जातो

एका बाजारपेठेच्या गावात एकदा एक वृद्ध आचार्य गणिताची पाठशाळा चालवीत होते. गणिताचे नाव काढताच वाचकांपैकी निम्मी मंडळी पान उलटू पाहतील, याची मला पुरती कल्पना आहे. मी स्वतः त्याच निम्म्यांतला. पण जरा धीर धरावा. या कथेत सोडवायचे असे एकही उदाहरण नाही. आहे ती एक मुलगी, तिचा बाप आणि एक अत्यंत सज्जन शिक्षक. दुष्ट माणसाची चूक चारचौघांना लांबून दिसते. सज्जनाची दिसत नाही, म्हणून ती सांगावी लागते.

आचार्यांचे वय झाले होते. उभे राहून शिकवणे त्यांना झेपत नसे, त्यामुळे पाठशाळेचा भार त्यांचा पट्टशिष्य पद्माकर वाहत होता. पद्माकर विद्वान होता आणि विद्वान असूनही मायाळू होता. हा योग आपल्याकडे वारंवार जुळून येत नाही. मुले त्याला गुरुजी म्हणत आणि आचार्यांना आजोबागुरुजी. पद्माकराचा आवाज खणखणीत होता, पाठांतर निर्दोष होते, आणि प्रत्येक अक्षर घासूनपुसून स्वच्छ केल्यासारखे त्याच्या मुखातून बाहेर येई. आपली सारी विद्या शब्दांत आहे आणि ते शब्द शुद्ध राखणे हेच आपले काम, अशी त्याची दृढ श्रद्धा होती.

या पाठशाळेत तुंगा नावाची एक मुलगी शिकत होती. ती लिंबाजी कासाराची एकुलती एक लेक. लिंबाजी बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन गावोगावचे बाजार करी. बायको गेल्यापासून त्याला घर म्हणून उरले होते ते तुंगाच. लेकीचे हात भरलेले असावेत एवढी एक हौस त्याने जपली होती, आणि बाजारात खपल्या नाहीत त्या बांगड्या रंग जुळो न जुळो तिच्या हातांत जात. आता तुंगाची अशी खोड की हात हलवल्यावाचून तिला बोलताच येत नसे. ती उत्तर द्यायला उभी राहिली की बांगड्यांची किणकिण सुरू होई, मुले फिदीफिदी हसत, आणि बिचारी अर्ध्या वाक्यातच ओशाळून खाली बसे.

पद्माकराला तिची दया आली. त्याने वर्गाला एक नियम घालून दिला, की उत्तर देताना प्रत्येकाने हाताची घडी घालावी. एकट्या तुंगाला सांगितले असते तर तिला लागले असते, म्हणून त्याने तो सगळ्यांनाच लावला. इतका तो माणूस हळवा होता. हसणे थांबले. वर्ग शांत झाला. मात्र त्याच दिवसापासून तुंगाची उत्तरे चुकू लागली, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे त्याच्या स्वप्नातही आले नाही.

सर्वांत अधिक ती अडे ती तिरक्या चौकोनापाशी. वाळू पसरलेल्या फळीवर पद्माकर दोन आकृत्या काढी. एक सरळ उभा आयत. दुसरा त्याच पायावर, तेवढ्याच उंचीचा, पण वाऱ्याने एका अंगाला झुकावा तसा तिरका चौकोन. दोहोंपैकी अधिक जागा कोण व्यापतो, हा प्रश्न. नियम सांगतो की पाया आणि उंची यांचा गुणाकार म्हणजे क्षेत्रफळ. पाया तोच, उंची तीच, म्हणून दोघे समान. तुंगा हा नियम घडाघडा म्हणे. आणि म्हणून झाल्यावर हाताची घडी घालून शांतपणे सांगे की तिरका मोठा. पद्माकर पुन्हा समजावी. ती पुन्हा मान डोलावी, आणि पुन्हा तिरकाच मोठा.

त्यातच पाडवा जवळ आला. पाठशाळेचा प्रघात असा होता की पाडव्याच्या सकाळी अंगणात आईबापांसमक्ष आचार्यांनी प्रत्येक मुलाला एक प्रश्न विचारायचा. उत्तर आले की मूल पुढच्या वर्गात बसे. नाही आले तर आचार्य त्याच्या हाती नारळ देऊन सन्मानाने घरी पाठवीत. सन्मान कितीही असला तरी नारळ तो नारळच. लिंबाजीने आधीच सांगून ठेवले होते, की पोरगी पुढे बसली तर तो बाजार एकटाच निभावील, पण नारळ मिळाला तर पुढच्या जत्रेपासून तिने त्याच्याबरोबर टोपली घेऊन हिंडायचे. यात त्याचा निष्ठुरपणा नव्हता. गुडघे बोलू लागले होते आणि घरी मुलीला एकटी टाकून जाताना त्याचे पाय निघत नसत. पाठशाळेत ती बसलेली असे, तोवर त्याला घोर नसे.

पद्माकराने हे ऐकले आणि तो आचार्यांकडे गेला. म्हणाला, या मुलीच्या बुद्धीची मर्यादा आता आली आहे. सर्वांसमोर तिची फजिती होण्यापेक्षा तिला प्रश्नच विचारू नये, आपण हळूच घरी जाऊन बापाला समजावू.  आचार्यांनी सारे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, की उद्या मी तुझ्या पाठाला येऊन बसतो.

दुसऱ्या दिवशी आचार्य काठी टेकीत आले, मुलांच्या मागे सतरंजीवर बसले, आणि कनवटीचा कापूस काढून त्यांनी दोन्ही कानांत बोळे घातले. अगदी दाबून, बोटाने आत सारून. मुलांनी एकमेकांना कोपरे मारले. पद्माकराचा चेहरा उतरला. ज्या गुरूने आपल्याला अक्षर अन् अक्षर शिकवले, त्यालाच आपला आवाज नकोसा व्हावा, हे त्याच्या जिव्हारी लागले. तरीही त्याने पाठ नेहमीसारखाच घेतला. तिरक्या चौकोनाचा नियम खणखणीत म्हटला, आकृतीवरून हात फिरवून समजावला. आचार्य बोळे घातलेल्या कानांनी शेवटपर्यंत बसून राहिले, डोळे मात्र त्यांनी एकदाही मिटले नाहीत. त्या दुपारी पद्माकर जेवला नाही.

पाडव्याला अंगण सारवून रांगोळी घातली होती. मुले न्हाऊनमाखून आली होती, आईबाप भिंतीला टेकून बसले होते. आचार्य एकेकाला प्रश्न विचारीत, आणि मुले हाताची घडी घालून उत्तरे देत होती. तुंगाची पाळी आली तेव्हा आचार्यांनी पुन्हा कनवटीचा कापूस काढला आणि कानांत घातला. लोक चपापले. मग त्यांनी वाळूच्या फळीवर दोन्ही आकृत्या स्वतः काढल्या आणि तुंगाला म्हणाले, हाताची घडी सोड, बाळ, आणि हवे तसे सांग.

तुंगाने पद्माकराकडे पाहिले. गुरुजींचा नियम कसा मोडावा, हे तिला कळेना. पद्माकराने मान डोलावली तेव्हा कुठे तिने घडी सोडली. मग ती बोलू लागली, बांगड्या वाजू लागल्या, मागून कोणीतरी हसलेच. ती म्हणाली की तिरका चौकोन मोठा, कारण त्याची उंची जास्त आहे. बोलताना तिचे हात आकृतीच्या वर, हवेत, आपले काम करीत होते. बोलणे संपले. बांगड्या थांबल्या.

"बरोबर," आचार्य म्हणाले. "तुंगा पुढच्या वर्गात बसेल."

अंगणात कुजबुज झाली. कानांत कापूस घातल्यावर म्हाताऱ्याला काय ऐकू येणार, असे एकाने शेजाऱ्याच्या कानात सांगितलेही. पद्माकर धर्मसंकटात सापडला. गप्प राहावे तर मुलगी वाचते, बोलावे तर गुरूचा उणेपणा चारचौघांत उघडा पडतो. पण चुकीच्या उत्तराला बरोबर म्हणू देणे त्याच्या रक्तात नव्हते. तो जड पावलांनी पुढे गेला आणि खुणेने आचार्यांना कापूस काढायला लावून म्हणाला, की आपण ऐकले नाही, ती चुकली.

तोच लिंबाजी उठून उभा राहिला.

"महाराज, पोरगी चुकली ते मलाबी कळलं," तो म्हणाला. "मला गणित येत न्हाई, पर गुरुजींचं त्वांड वाचता येतं. तिला दयेनं ठिवून घेऊ नगा. आज तुमी दया केली, उद्या दुसरं कोन करनार?"

तुंगा खाली मान घालून उभी होती. बापाने असे उभे राहून सांगावे याचा तिला राग आला की रडू आले, हे तिचे तिलाच ठरवता येत नव्हते. मुलांचे हसणेही आता थांबले होते.

आचार्यांनी लिंबाजीला जवळ बोलावले आणि फळीशेजारी बसवले. मग तुंगाला सांगितले, की आता तोंडाने काही बोलू नकोस. मघाशी हातांनी जे केलेस तेवढेच पुन्हा कर. आपण हातांनी काही केले होते हे तुंगाला आठवेना. तिने आकृतीकडे पाहिले, मनात तोच प्रश्न पुन्हा घेतला आणि तिचे हात उचलले गेले. उजवा पंजा उभा धरून तिने हवेत सुरीसारखा खाली ओढला. मग दोन्ही हातांत काहीतरी अलगद उचलावे तसे उचलले आणि डावीकडे नेऊन ठेवले.

आचार्यांनी लिंबाजीला विचारले, की तुझ्या लेकीने काय केले ते सांग. लिंबाजी गोंधळला. मग हळूहळू म्हणाला, "ह्यो कोपरा पायाच्या भायेर लोंबतोय, त्यो तिनं कापला. आन् तिकडं मोकळी जागा हाय, तितं नेऊन बशिवला."

"तुंगा," आचार्य म्हणाले, "बाबा सांगतात ते खरे का?"

तुंगाने स्वतःच्या हातांकडे पाहिले. मग फळीकडे. तिने पुन्हा एकदा कोपरा कापला, पुन्हा नेऊन बसवला, आणि या वेळी ते करताना ती बोलू लागली. हा बाहेर आलेला कोपरा काढला, म्हणाली, आणि इकडच्या खाचेत ठेवला. आणि मग हा तिरका राहिलाच नाही, हा सरळ झाला. ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर जे आले ते पाहण्यासाठीच शिक्षक आयुष्यभर शिकवतात, आणि पुष्कळांना ते फार थोड्या वेळा लाभते.

"मग मोठा कोणता?" आचार्यांनी विचारले.

"कुणीच नाही," तुंगा म्हणाली. "दोघं एकच आहेत, आजोबागुरुजी. एक नुसता कलला होता."

लिंबाजीने मुंडाशाच्या टोकाने डोळे पुसले आणि ते कोणापासून लपवलेही नाही. पुढची मुले आली, उत्तरे दिली, त्यांतल्या कोणालाही आचार्यांनी घडी घालू दिली नाही. आणि कधी नव्हे ते त्या पाडव्याला नारळ तसेच उरले, तेव्हा आचार्यांच्या सुनेने ते फोडून सगळ्यांना खोबऱ्याची वडी वाटली.

अंगण रिकामे झाले, तरी पद्माकर फळीपाशीच बसून होता. आनंद झाला होता. पण एक काटा आत सलत होता. त्याने आचार्यांना विचारले, की तिच्या हाताला बरोबर ठाऊक होते हे मला पटले, मात्र मग तिच्या तोंडी चूक आली कुठून? उंची जास्त आहे, असे मी तिला कधीही सांगितले नाही. माझा एकही शब्द चुकलेला नाही.

"शब्द नाही चुकला," आचार्य म्हणाले. "नियम म्हण पाहू. मुलांना सांगतोस तसाच."

पद्माकराने नियम म्हटला. पाया म्हणताना त्याचे बोट पायाच्या रेषेवरून गेले. आणि उंची म्हणताना ते पायाच्या टोकावरून निघून तिरक्या बाजूवरून सरसर वर चढले. बोट वरच्या कोपऱ्याशी पोचले आणि तिथेच थिजले. उंची सरळ वर मोजायची असते हे त्याला झोपेतही ठाऊक होते. पण आकृती काढताना तिरकी रेघ ज्या ओघात वर जाते, त्याच ओघात त्याचा हात इतकी वर्षे जात राहिला होता. तो आपल्याच बोटाकडे पाहत राहिला.

आचार्य त्याच्या शेजारी बसले. मग ते जे बोलले ते मी जमेल तसे सांगतो.

"पद्माकरा, माणसाच्या डोक्यात शब्दांची खोली वेगळी आणि हातांची वेगळी, अशी रचना नसते. शब्द कानांनी येतात, हात डोळ्यांनी येतात, पण आत गेल्यावर मेंदू दोघांना एकाच पंगतीला बसवतो आणि दोघांचा मिळून एक अर्थ करतो. दोघे एकच सांगत असले तर अर्थ सहज उतरतो. दोघे निरनिराळे सांगू लागले की मेंदू अडखळतो, आणि लहान मूल अशा वेळी बहुधा हातावर विश्वास ठेवते. तू म्हणालास उंची, आणि दाखवलीस तिरकी बाजू. तिने तुझे दोन्ही मनोभावे घेतले. म्हणून नियमही पाठ झाला आणि चूकही. आणि बोलणाऱ्याचेही तसेच असते. नवी समज येते ती पुष्कळदा आधी हातात येते, तोंडापर्यंत पोचायला तिला उशीर होतो. ज्या दिवशी मुलाचे तोंड एक सांगते आणि हात दुसरे सांगतो, त्या दिवशी ते मूल उंबरठ्यावर उभे असते. त्याला आत घ्यायचे, की नारळ द्यायचा?"

 पद्माकराने विचारले, की आजवर माझ्याकडे शिकून उत्तर चुकल्यामुळे ज्यांना घरी जावे लागले, त्यांचे काय? तो रडत होता. त्यातली काही मुले आता शेतावर होती, एक मुलगी सासरी गेली होती, आणि त्यांची नावे त्याला सगळी पाठ होती, कारण पाठांतर त्याचे निर्दोष होते.

"जी जवळ आहेत त्यांच्या घरी उद्या जा," आचार्य म्हणाले. "परत बोलाव. येतील ती येतील. आणि दोष एकट्याकडे घेऊ नकोस. मीही इतकी वर्षे तुझा सुंदर आवाजच ऐकत बसलो होतो. कान बंद केले तेव्हा पहिल्यांदा मी तुला पाहिले."

त्यांनी शिष्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. 

हल्ली मेंदूचा अभ्यास करणारी मंडळी हातवाऱ्यांकडे नुसती लकब म्हणून न पाहता अर्थाचा भाग म्हणून पाहतात, असे वाचनात येते. वाचून बरे वाटते. पण घरात मूल काही विचारायला आले, की आपण ताटावरून किंवा वर्तमानपत्रावरून मान वर न करताच त्याला बोल म्हणतो, हेही तितकेच खरे आहे. त्या वेळी त्याचे अर्धे बोलणे आपण ऐकलेलेच नसते.

पाडव्यानंतर नवा वर्ग भरला. सोडून गेलेल्यांपैकी काही जण परत आले होते आणि लाजत मागच्या रांगेत बसले होते. तुंगा पहिल्या रांगेत होती. पद्माकराने तिला उभे केले आणि सगळ्यांच्या देखत सांगितले, की मला एक जुनी खोड आहे, ती एका दिवसात जाणार नाही, तर माझा हात चुकला की तू मला दाखवायचे. गुरुजी आपली चूक धरायला सांगतात म्हणजे काय, हे मुलांना काही उमगले नाही. तुंगाला उमगले. ती गंभीरपणे खाली बसली.

पद्माकराने वाळूवर तिरका चौकोन काढला आणि नियम सुरू केला. पाया म्हणताना बोट पायावरून गेले. मग तो उंची म्हणाला, आणि इतक्या वर्षांचा हात, सारे कळूनही, तिरक्या बाजूवरून वर चढू लागला. पहिल्या रांगेत तुंगाने एक शब्द न बोलता आपला पंजा मांडीवरून उचलला आणि सरळ उभा धरला. तिच्या शेजारच्या मुलाने तिच्याकडे पाहून आपलाही हात तसाच केला, त्याचे पाहून पुढच्याने. पद्माकराने वर पाहिले तेव्हा सगळ्या वर्गाचे हात उभे होते. त्याने तुंगाच्या हाताकडे पाहत आपले बोट मागे घेतले, पायाशी आणले, आणि सरळ वर नेले.